ई-सायकल घेताना : आधी सायकल पाहा, मग मोटर

शाळा-कॉलेजात सायकल दामटलेली आणि नोकरी लागल्यावर ती सुटलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. पुण्यासारख्या एके काळच्या सायकलींच्या शहरात तर दोन-तीन पिढ्या सायकलवरच वाढल्या. या माणसांना पुन्हा सायकल घ्यावीशी वाटते, पण काही ना काही आडवे येते. कुणाचे गुडघे कुरकुरतात, कुणाच्या वाटेत मोठा चढ असतो, कुणाला घामाने निथळत ऑफिसात शिरायचे नसते. ई-सायकल अशाच माणसांसाठी आहे. भाजी, बँक, वाचनालय, शिकवणी, जवळचे ऑफिस, संध्याकाळचा फेरफटका असा दिवसाला पाच ते पंधरा किलोमीटरचा ज्यांचा वापर आहे, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून हा लेख लिहिला आहे.

सार आधीच सांगतो. चांगली ई-सायकल ही आधी चांगली सायकल असावी लागते. बॅटरी संपली किंवा मोटर रुसली, तरी जी तुम्हाला पायडल मारत घरी आणते तीच घ्यावी. आणि घेतल्यानंतर ती किती वर्षे साथ देईल, हे मोटरीपेक्षा तुम्ही बॅटरी कशी ठेवता यावर ठरते.

तीन वाहने, तीन गरजा

इलेक्ट्रिक बाइक बघायला दुकानात गेलात की तीन वेगळी वाहने पुढे येतात. पहिले वाहन म्हणजे पायडल असलेली ई-सायकल. तिचे वजन साधारण वीस ते अठ्ठावीस किलो असते आणि मोटर मदतीला असते. दुसरी नंबरप्लेट नसलेली, कमी वेगाची छोटी स्कूटर. तिला पायडल नसतात किंवा नावापुरते असतात. तिसरी नोंदणी केलेली, नंबरप्लेटची, ताशी पन्नास-साठ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने पळणारी इलेक्ट्रिक स्कूटर.

रोज तीस-चाळीस किलोमीटर जायचे असेल, मागे कुणाला बसवायचे असेल किंवा महामार्गावरून जावे लागत असेल, तर सरळ तिसरे वाहन घ्या. परवाना, विमा आणि नोंदणी यांच्यासह घ्या. त्या कामाला ई-सायकल पुरी पडणार नाही. दुसऱ्या प्रकाराबद्दल जपून राहा. यातल्या बऱ्याच स्वस्त गाड्यांत शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असतात. त्या जड असतात, लवकर थकतात, आणि चार्ज संपला की गाडी ढकलत न्यावी लागते, कारण पायडल नाहीत. कधीमधी आणि जवळपास फिरणाऱ्यासाठी पहिला प्रकार सगळ्यांत निर्धोक आहे. पुढचे विवेचन त्याच्याबद्दलच आहे.

मोटर आहे म्हणजे व्यायाम संपला, हा समजही काढून टाका. युरोपातल्या सात शहरांत सायकल चालवणाऱ्यांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. ई-सायकल वापरणाऱ्यांची आठवड्याची एकूण शारीरिक हालचाल साध्या सायकलवाल्यांइतकीच भरली, कारण ते जास्त लांब जातात. जोर कमी लागतो म्हणून माणूस सायकल बाहेर काढतो, हाच तिचा मोठा फायदा.

आधी आपला रस्ता मोजा

दुकानात जाण्याआधी एक सुटी या कामासाठी काढा. रोजचा रस्ता नकाशावर मोजा आणि वाटेतले चढ लक्षात घ्या. नाशिक-नागपूरच्या बहुतेक भागांत चढ किरकोळ आहेत. पुण्यात कात्रज किंवा चांदणी चौकाकडे जाणाऱ्याचा, रत्नागिरी शहरात राहणाऱ्याचा किंवा पणजीत आल्तिनोवर घर असलेल्याचा हिशेब वेगळा असतो. मुंबईत चढ नसले तरी उड्डाणपूल असतात. सायकल रात्री कुठे उभी राहील, तिथे सॉकेट आहे का, लिफ्टमध्ये ती मावते का, दोन जिने चढवायची आहे का, हेही बघून ठेवा. पंचवीस किलोची सायकल रोज खांद्यावरून वर नेणे तरण्या माणसालाही जमत नाही. तळमजल्यावर चार्जिंगची सोय नसेल, तर बॅटरी किल्लीने काढून घरात नेता येते असेच मॉडेल घ्या. अशी बॅटरी साधारण दोन ते तीन किलोची असते, ती पिशवीत घालून वर नेता येते.

जाहिरातीतले किलोमीटर आणि खरे किलोमीटर

'एका चार्जमध्ये ६० किलोमीटर' असे पाटीवर लिहिलेले असते. हा आकडा हलका स्वार, सपाट रस्ता, शांत वारा आणि मोटरीची कमीत कमी मदत असे गृहीत धरून काढलेला असतो. आपण तो बाजूला ठेवावा आणि बॅटरीत ऊर्जा किती आहे ते विचारावे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. ३६ व्होल्ट आणि ८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २८८ वॅट-तास.

आता खर्चाची बाजू पाहू. मध्यम मदत घेऊन, पाय चालवत, साध्या शहरी रस्त्यावर किलोमीटरला आठ ते बारा वॅट-तास लागतात. पाय न हलवता केवळ थ्रॉटलवर गेलात, चढ आले किंवा वजन जास्त असेल, तर हाच आकडा पंधरा किंवा त्याच्याही वर जातो. म्हणून सोपा नियम असा ठेवा : वॅट-तासांना बाराने भागा आणि येईल तेवढेच किलोमीटर खात्रीचे माना. २८८ भागिले १२ म्हणजे २४ किलोमीटर.

हाच हिशेब उलटा केला की गरज कळते. ऑफिस आठ किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन सोळा. वाऱ्यासाठी, वळशासाठी आणि बॅटरीच्या उतारवयासाठी त्याची दीडपट करा, चोवीस होतात. चोवीस गुणिले बारा म्हणजे पुन्हा २८८ वॅट-तास. या माणसाला आठ अँपिअर-तासांची बॅटरी पुरेशी आहे. वाटेत मोठा चढ असेल किंवा स्वाराचे वजन नव्वद किलोच्या पुढे असेल, तर दहा अँपिअर-तासांच्या पुढची घ्यावी. गरजेपेक्षा फार मोठ्या बॅटरीवर पैसे घालवू नका. ती वजन वाढवते, किंमत वाढवते आणि न वापरताही म्हातारी होत जाते.

मोटर, सेन्सर आणि चढ

आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींत मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असते. ती साधी असते, स्वस्त असते आणि तिची देखभाल फारशी करावी लागत नाही. दुसरा प्रकार पायडलच्या आसाशी बसवलेल्या मोटरीचा. तिची ताकद चेनमधून, म्हणजे सायकलच्या गिअरमधून चाकाला मिळते, त्यामुळे ती चढावर सरस ठरते. मात्र ती महाग आहे आणि आपल्याकडे कमी मिळते. साध्या वापराला हबमधली मोटर पुरते.

चढावर काय होते ते आकड्यांत बघा. स्वार आणि सायकल मिळून शंभर किलो वजन पाच टक्के चढावर ताशी दहा किलोमीटरने न्यायला केवळ चढासाठी सुमारे १४० वॅट लागतात. आठ टक्क्यांच्या चढावर हाच आकडा २२० च्या आसपास जातो. सर्वसाधारण माणूस दमछाक न होता ७५ ते १०० वॅट देऊ शकतो. म्हणजे पाच टक्क्यांच्या चढावर पाय आणि मोटर यांनी काम वाटून घेतले, तर २५० वॅटची मोटर आरामात साथ देते. मोटरीला एकटीलाच थ्रॉटलवर चढवायला लावले तर वेग पडतो. कमी वेगात हबमधली मोटर बरीचशी वीज उष्णतेत घालवते आणि तापते. म्हणून चढ येण्याआधीच गिअर खाली घ्या आणि पाय चालवत राहा. चढाच्या भागात राहणाऱ्याने बिनगिअरची ई-सायकल घेऊ नये.

सेन्सर दोन तऱ्हेचे असतात. एक फक्त पायडल फिरतात की नाही एवढेच ओळखतो. पायडल फिरले की मोटर ठरलेली ताकद देते. दुसरा तुम्ही किती जोर लावता ते मोजतो आणि त्या प्रमाणात मदत देतो. दुसरा महाग असतो, पण चालवायला फार नैसर्गिक वाटतो. पहिल्या तऱ्हेच्या सायकलीवर सुरुवातीला मोटर अचानक लागल्यासारखी वाटते. सिग्नलला थांबलेले असताना किंवा अरुंद बोळात वळताना हे ध्यानात ठेवा. पहिले काही दिवस सगळ्यांत खालच्या मदतीवरच चालवा. मोकळ्या मैदानावर किंवा सोसायटीच्या आवारात सराव झाल्याशिवाय गर्दीत जाऊ नका.

सायकल म्हणून ती कशी आहे

मोटर आणि बॅटरी यांच्या माहितीत गिऱ्हाईक असा गुंततो की सायकल बघायची राहून जाते. खरे तर वेळ इथेच घालवावा.

उंची जुळली पाहिजे. सीटवर बसून टाच पायडलच्या खालच्या टोकावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. थांबल्यावर सीटवरून पुढे उतरून दोन्ही पाय जमिनीला टेकावेत. गुडघे किंवा कंबर दुखत असेल, साडी नेसून चालवायची असेल, वय साठीच्या पुढे असेल, तर मधला दांडा खाली असलेली, म्हणजे लेडीज सायकलच्या बांधणीची घ्या. पाय मागून उंच फेकून चढणे पन्नाशीनंतर अवघड जाते, आणि जड सायकल तोल जाऊन अंगावर आली तर सावरत नाही. पुरुषांनीही ही बांधणी घ्यायला संकोच करू नये.

डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेत. वेग ताशी १५ वरून २५ किलोमीटर झाला की थांबवायची ऊर्जा जवळपास पावणेतीन पट होते, आणि सायकलही साध्या सायकलीपेक्षा जड असते. ब्रेक दाबताच मोटरीचा पुरवठा तुटतो की नाही हे दुकानातच तपासा. ही सोय नसेल तर ती सायकल घेऊ नका. आपल्या रस्त्यांवर पावणेदोन ते सव्वादोन इंच रुंदीचे टायर चांगले. बारीक टायर खड्ड्यांत त्रास देतात, आणि फार जाडजूड टायर दिसायला दणकट असले तरी बॅटरी खातात. मडगार्ड, स्टँड, घंटा, पुढचा-मागचा दिवा आणि कॅरिअर हे सगळे कामाचे भाग आहेत. बऱ्याच सायकली त्यांच्याविना विकल्या जातात, तेव्हा किंमत विचारताना हे धरून विचारा.

दुकानात चालवून बघताना

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर शंभर मीटर थ्रॉटलवर गेले की कुठलीही ई-सायकल झकास वाटते. त्यावर निर्णय घेऊ नका. निदान पंधरा-वीस मिनिटे मागून घ्या आणि पुढच्या गोष्टी करा.

१. मोटर पूर्ण बंद करून अर्धा किलोमीटर चालवा. हे जमले नाही तर सायकल तुमच्यासाठी नाही, मग ती कितीही देखणी असो.

२. जवळचा चढ किंवा उड्डाणपूल शोधा. तिथे मधेच थांबा आणि पुन्हा निघून बघा.

३. वेगात असताना दोन्ही ब्रेक लावा. करकर आवाज येतो का, चाक घसरते का, मोटर लगेच सुटते का, ते बघा.

४. पुढचे चाक उचलून सायकल दोन पायऱ्या चढवा. रोज असेच करायचे आहे हे मनात ठेवा.

५. बॅटरी स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवा. ती घट्ट बसली पाहिजे. खडखडता कामा नये.

मग विक्रेत्याला प्रश्न विचारा. बॅटरीची आणि मोटरची वॉरंटी किती, आणि ती कशाने रद्द होते? बदली बॅटरी आज मिळते का, आणि किती रुपयांना? कंट्रोलर, डिस्प्ले आणि चार्जर सुटे मिळतात का? दुरुस्ती इथे होते की सायकल दुसऱ्या गावी पाठवावी लागते? उत्तरे बिलावर किंवा वॉरंटी कार्डावर लिहून घ्या. लहान गावात राहणाऱ्याने तर ब्रँडपेक्षा जवळच्या दुरुस्तीच्या सोयीला जास्त मान द्यावा. ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या अनोळखी सायकलीचा कंट्रोलर जळला, तर ती कुणीच हातात घेत नाही. खरेदीनंतर विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पक्के बिल जपून ठेवा.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ नुसार बॅटरीवर चालणारे दुचाकी वाहन काही अटी पाळत असेल तर ते मोटर वाहन धरले जात नाही. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नाही, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, या त्या अटी. शिवाय मॉडेलला अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता हवी. पुण्यातली एआरएआय ही अशीच एक संस्था आहे. अशा सायकलीला नोंदणी, परवाना आणि सक्तीचा विमा लागत नाही. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचे मान्यतापत्र बघायला मागा. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरे दुकान गाठा.

वेगाची मर्यादा काढून देतो असे सांगणारे मेकॅनिक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. मर्यादा ओलांडली की ते वाहन कायद्याच्या दृष्टीने बिननोंदणीचे मोटर वाहन होते. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती. दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या वेगासाठी ना चौकट बनवलेली असते ना ब्रेक. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर विमा नसल्याने सगळा भार तुमच्या डोक्यावर येतो.

ई-सायकलवर हेल्मेट कायद्याने सक्तीचे नाही, तरी ते घाला. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलीचा वेग समोरच्या रिक्षावाल्याला किंवा रस्ता ओलांडणाऱ्या आजींना कळत नाही. सायकल म्हटल्यावर ती हळू येणार असे ते धरून चालतात. म्हणून गल्ल्या-चौकांत तुम्हीच वेग कमी ठेवा आणि घंटा वाजवा. उभ्या मोटारींपासून दाराएवढे अंतर सोडा. संध्याकाळ झाली की दोन्ही दिवे लावा.

घरात चार्ज करताना

२०२२ च्या उन्हाळ्यात देशभर इलेक्ट्रिक स्कूटरींना लागलेल्या आगी सगळ्यांना आठवत असतील. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे दगावली. घाबरून ई-सायकल टाळावी असा याचा अर्थ नाही. चार नियम मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

पहिला नियम, बॅटरीसोबत आलेलाच चार्जर वापरा. ३६ व्होल्टच्या लिथियम-आयन बॅटरीच्या चार्जरवर साधारण ४२ व्होल्ट लिहिलेले असते, तर ४८ व्होल्टच्या बॅटरीच्या चार्जरवर ५४.६. पिन जुळते म्हणून शेजाऱ्याचा चार्जर लावणे जिवावर बेतू शकते. दुसरा, अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या थ्री-पिन सॉकेटमध्येच चार्ज करा. पलंग, सोफा, पडदे, गॅस यांच्याजवळ नको, आणि घराच्या बाहेर पडायच्या वाटेवर तर मुळीच नको. जिन्याखाली किंवा दारापाशी आग लागली तर घरच्यांना बाहेर पडता येत नाही. तिसरा, सगळे झोपलेले असताना चार्जिंग चालू ठेवू नका. दोन अँपिअरच्या चार्जरने आठ-दहा अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच तासांत भरते, तेव्हा संध्याकाळ पुरते. चौथा, बॅटरी फुगली, आपटली, पाण्यात बुडाली, विचित्र वास आला किंवा हात लावता येणार नाही एवढी तापली, तर ती चार्ज करू नका आणि घरात ठेवू नका. ती दुरुस्तीवाल्याला दाखवा. आग लागलीच तर विझवण्याच्या नादी न लागता सगळ्यांना बाहेर काढा, दार लावून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

स्थानिक दुकानात बॅटरी उघडून सेल बदलून घेणे स्वस्त पडते, पण तो मोह टाळा. जुने-नवे सेल एकत्र जोडले की त्यांचा समतोल बिघडतो आणि आगीचा धोका तिथूनच सुरू होतो.

बॅटरी पडून राहिल्याने जास्त खराब होते

हा भाग कधीमधी चालवणाऱ्याने सर्वांत लक्ष देऊन वाचावा. चांगली लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्ज सहज देते. वरच्या हिशेबाने पाचशे गुणिले चोवीस म्हणजे बारा हजार किलोमीटर. वर्षातले दोनशे दिवस रोज दहा किलोमीटर चालवणाऱ्याला एवढे अंतर कापायला सहा वर्षे लागतील. म्हणजे वापराने झिजण्याआधी ती वयाने आणि उन्हाने थकणार. तिला जपायचे ते साठवणुकीत.

लिथियम बॅटरीला दोन टोके सोसत नाहीत : शंभर टक्के भरून उन्हात पडणे आणि शून्यावर महिनोन् महिने पडून राहणे. रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधे ठेवलीत तर उत्तम. लांब जायचे असेल तेव्हा निघण्याच्या थोडे आधी पूर्ण भरा. महिन्यातून एकदा मात्र पूर्ण चार्ज होऊ द्या, म्हणजे आतल्या नियंत्रक सर्किटला सगळे सेल सारखे करता येतात. उन्हातून चालवून आल्यावर अर्धा-पाऊण तास बॅटरी थंड होऊ द्या, मगच चार्जिंगला लावा. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा सायकल बाहेर उभी असली तरी बॅटरी काढून सावलीत, हवेशीर खोलीत ठेवा.

पावसाळाभर किंवा परगावी जाताना सायकल ठेवायची असेल तर बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर आणून सायकलीपासून वेगळी करा आणि महिन्यातून एकदा बघा. चातुर्मासात विसरलेली, शून्यावर गेलेली बॅटरी दिवाळीत पुन्हा चालू होईलच असे नाही. आणखी एक : १६० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून परदेशातल्या मुलाकडे सायकल किंवा बॅटरी सामानातून न्यायचा बेत आखू नका.

पाऊस, पंक्चर आणि देखभाल

ई-सायकल पावसाच्या सरीत चालते, पण तुंबलेल्या पाण्यात घालू नये. डिस्प्ले, मोटर आणि बॅटरी यांची जलरोधकता वेगवेगळी असते. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरते संरक्षण, आयपीएक्स५ म्हणजे पाण्याच्या झोतापर्यंतचे. पाणी चाकाच्या आसाजवळ पोचत असेल तर उतरून दुसरा रस्ता घ्या. प्रेशरच्या पाण्याने सायकल धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा. भिजून आल्यावर बॅटरी काढून जोडाच्या पिना कोरड्या करा आणि चार्जिंग थोडे थांबवा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत हे जास्त काटेकोरपणे करावे लागते.

पंक्चरचा प्रश्न प्रत्येकाला पडतो. मागच्या हबमध्ये मोटर असल्याने चाकाला वायर जोडलेली असते, आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला ते चाक काढायला बिचकतो. त्याला चाक काढायला लावूच नका. टायरची एक बाजू रिमवरून सोडवून, ट्यूब बाहेर ओढून, चाक जागेवर असतानाच पंक्चर निघते. ट्यूबमध्ये पंक्चररोधक द्रव आधीच भरून घेतला तर बारीक काटे-खिळ्यांची चिंता मिटते. चाक काढावेच लागले तर आधी वायरचा जोड सोडवा, वॉशर कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो काढा, आणि बसवताना नट पुरेसे आवळले आहेत ना ते बघा. मोटर ताकद लावते तेव्हा सैल आस चौकटीतून फिरून वायर तोडतो.

हवा दर आठवड्याला तपासा. कमी हवा म्हणजे जास्त पंक्चर आणि कमी किलोमीटर. टायरच्या बाजूवर दाबाची मर्यादा छापलेली असते, तिच्या आत राहा. पंधरवड्यातून एकदा चेन पुसून तेल द्या. मोटरीमुळे चेनवर आणि ब्रेक पॅडवर ताण जास्त येतो, म्हणून पॅड दर दोन-तीन महिन्यांनी बघा. ही सगळी कामे साध्या सायकलीचीच आहेत आणि ओळखीचा सायकलवाला ती करू शकतो.

चोरीपासून जपायला जाड कुलूप चौकटीतून घालून रेलिंगला किंवा खांबाला लावा. चौकटीचा क्रमांक आणि बिल यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. जास्त वेळ थांबायचे असेल तर बॅटरी सोबत न्या. सायकलीतला सर्वांत महागडा सुटा भाग तोच आहे.

पैशांचा हिशेब

बऱ्यापैकी ई-सायकल पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते, आणि साध्या वापराला पस्तीस-चाळीस हजारांच्या पुढे जायची गरज सहसा नसते. विजेचा खर्च नगण्य आहे : २८८ वॅट-तासांची बॅटरी भरायला गळती धरून एक तृतीयांश युनिट लागते. युनिटला दहा रुपये धरले तरी साडेतीन रुपयांच्या आत चोवीस किलोमीटर जाता येते. खरा खर्च बॅटरीचा. बदली बॅटरी बारा हजारांची धरली आणि ती बारा हजार किलोमीटर चालली, तर किलोमीटरला एक रुपया पडतो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला शंभर रुपयांच्या पेट्रोलने सव्वादोन रुपये लागतात, सर्व्हिसिंग वेगळे. म्हणून सायकल घेतल्या दिवसापासून दरमहा दोनशे रुपये बॅटरीच्या नावाने बाजूला टाका, म्हणजे पाच वर्षांनी तिच्यामुळे सायकल अडगळीत जाणार नाही.

जुनी ई-सायकल घेणाऱ्याने बॅटरी संपलेली आहे असे समजूनच भाव करावा. पूर्ण चार्ज करून स्वतः वीस किलोमीटर चालवून बघितल्याशिवाय बॅटरीच्या नावाने जास्तीचा एक रुपयाही देऊ नये. आणि बॅटरी खरोखर संपली की ती कचऱ्याच्या गाडीत किंवा भंगारवाल्याकडे टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे ती परत द्या आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूट मागा.

शेवटी एवढेच सांगणे आहे. घरून निघताना एका कागदावर पाच गोष्टी लिहा : रोजचे किलोमीटर, वाटेतला सर्वांत मोठा चढ, लागणारे वॅट-तास, बदली बॅटरीची किंमत आणि दुरुस्तीचे जवळचे ठिकाण. पहिल्या तीन घरीच भरता येतात, उरलेल्या दोन विक्रेत्याने भरून द्यायच्या. ते दोन रकाने भरले जात नाहीत आणि मोटर बंद करून सायकल चालवून झालेली नाही, तोवर पैसे देऊ नका.